नाव बदलून आवाज निघत नाही

गेला आठवडाभर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या फाइलच्या नावातलं 'डॉट टीएस' खोडून 'डॉट एमपी३' लिहा, व्हिडिओ जातो आणि आवाज राहतो. फुकट कन्व्हर्टर वेबसाइटवर टाकून ३२० केबीपीएस (दर सेकंदाला आवाजासाठी लागणारा डेटा) निवडा, आवाज आणखी स्वच्छ. कुठल्याही सेट-टॉप बॉक्सला चालतं.

शनिवारी रात्री सोलापुरातल्या साखर पेठेतून मामांचा फोन आला. "अरे, आईची फाइल खराब झाली बघ. चालेना म्हणून डिलीट केलो."

आईची फाइल म्हणजे गड्डा जत्रेच्या दिवसांत लोकल केबलवर लागलेला आजीच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम. ४० मिनिटं, १.२ जीबी. मधल्या एका अभंगात टाळ थांबतात आणि आजीचा आवाज एकटाच वर जातो. आजी आता नाही. मामांना तो आवाज रात्री झोपताना फोनवर ऐकायचा होता, एवढंच.

म्हणून मला या पहिल्या मुद्द्याचाच जास्त राग आहे. नाव बदलल्याने आतलं काहीही बदलत नाही. टीएस फाइल म्हणजे १८८ बाइटच्या तुकड्यांची लांबलचक माळ. त्यात चित्राचे आणि आवाजाचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात. एमपी३ लिहिलं तरी माळ तीच. खात्री करायची तर साइज बघा, १.२ जीबी होती ती १.२ जीबीच राहते. फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या अ‍ॅपमध्ये उघडली तर नाव एमपी३ आणि फॉरमॅट एमपेग-टीएस दिसतो. आवाजाची ओळ वाचली तर तो मुळात एमपी३ नाहीच, एमपेग लेयर २, म्हणजे एमपी२ आहे, १९२ केबीपीएस. फोनचा म्युझिक प्लेअर नावावर विश्वास ठेवतो आणि फाइल नाकारतो. माणसाला वाटतं फाइल बिघडली, आणि तो चांगलं रेकॉर्डिंग पुसून टाकतो.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये नाव बदललेली फाइल वाजते, हे मान्य. पण ते प्लेअर नावापेक्षा आत काय आहे ते तपासतं म्हणून वाजते. आवाज वेगळा झालेला नसतो.

आवाज खरंच काढायचा तर एफएफएमपेग हे मोफत साधन आहे. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात 'स्ट्रीम कॉपी' समजावलेली आहे: आवाज उलगडायचा नाही, पुन्हा आवळायचा नाही, जसा आहे तसा उचलून वेगळ्या फाइलत ठेवायचा. त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही आणि कामही झटपट होतं. व्हिडिओ नको आणि ऑडिओ कॉपी, एवढ्या दोनच सूचना द्यायच्या. आजीची ४० मिनिटं सुमारे ५८ एमबीत बसली. फोन एमपी२ वाजवत नसेल तर त्यावरून एमपी३ करा. त्यात थोडं नुकसान होतंच, म्हणून एमपी२ जपून ठेवा.

३२० चं म्हणाल तर १९२ चा आवाज ३२० मध्ये भरल्याने गेलेला तपशील परत येत नाही. तेच ५८ एमबी ९६ होतात, बस्स.

वेबसाइट? अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये अशा फुकट कन्व्हर्टरांतून मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) येतं म्हणून इशारा दिलाय. शिवाय घरच्या माणसाचा आवाज अनोळखी सर्व्हरवर कशाला चढवायचा?

आणि कुठलाही बॉक्स चालत नाही. मामांचा केबलचा बॉक्स साधी टीएस लिहितो. अनेक डीटीएच बॉक्स रेकॉर्डिंग कुलूपबंद करतात, ते त्याच बॉक्सवर दिसतं. तिथे नाव बदला नाहीतर काहीही करा.

रेकॉर्डिंग ज्या पेनड्राइव्हवर होतं त्यावर मामांनी नंतर काही भरलं नव्हतं, म्हणून फाइल रिकव्हरीत परत मिळाली. तुम्ही नुसतं नाव बदललं असेल तर पुन्हा डॉट टीएस करा, फाइल जशीच्या तशी उघडेल. डिलीट केली असेल तर पेनड्राइव्ह आत्ताच काढून ठेवा, त्यावर एक फोटोसुद्धा टाकू नका.