सुबाभूळ की गवत? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, कोळसा खदानीतून उपसलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यावर आधी गवत आणि मग देशी झाडं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "तुमचं जंगल उभं राहीपर्यंत आम्ही धूळ खायची का? सुबाभूळ दोन-तीन वर्षांत ढिगारा झाकते, सरपणही देते. देशी-विदेशीचा वाद पोट भरलेल्यांचा."

धुळीबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. वणी-घुग्घुस पट्ट्यात उन्हाळ्यात अंगणात कपडे वाळत घालायची सोय नाही. पण धूळ लवकर थांबावी म्हणूनच मी गवताचा आग्रह धरतो. रोपं लावली तरी दोन रोपांमधली जागा कितीतरी दिवस उघडीच राहते. धूळ तिथूनच उडते आणि पावसाळ्यात घळीही तिथेच पडतात. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांचं बी मृगाच्या आसपास पडलं, तर ती जागा त्याच पावसाळ्यात झाकायला लागते.

आता सुबाभूळ. ती ढिगाऱ्यावर जगते हे खरं, कारण मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र तिच्या कामी येतो. पण खैर, शिसम, करंज, बाभूळ यांनाही ते जमतं, आणि बाभळीचं सरपण काही कमी नाही. सुबाभळीचं बी इतकं पडतं की खाली तिचीच दाट रोपं माजतात, दुसऱ्या झाडाला जागा उरत नाही. तिथे मोह, तेंदू, चारोळीची झाडं कुठून येणार? आपल्याकडे तेंदूपत्ता आणि मोहफुलांवर कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो. म्हणून हा वाद पोट भरलेल्यांचा नाही, पोटाचाच आहे.

मूळ अडचण मात्र झाडाची नसून मातीची आहे. ढिगारा म्हणजे खोलवरून उपसलेला वालुकाश्म, शेल नावाचा थराथरांचा दगड आणि मुरूम. त्यात नत्र नाही, कुजलेला पाला नाही, मुळांना साथ देणारी बुरशी नाही. वरून डंपर फिरून तो असा दबतो की पाणी मुरत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी वापरून झाडं वाढवली. म्हणजे आधी मातीत जीव आणला. हे काम जुनं आहे आणि आपल्याच भागातलं आहे, तरी अजून रोपांचे आकडेच छापून येतात याचं मला फार वाईट वाटतं.

खदान उघडताना खरवडलेली वरची माती तर सोनंच. तिच्यात त्या रानाचं बी असतं, जिवाणू असतात. उंच ढीग लावून ती वर्षानुवर्षं ठेवली की आतला भाग हवेवाचून मरतो. ढीग बुटका हवा, त्यावर गवत किंवा ताग पेरलेला हवा, आणि ती माती लवकरात लवकर परत पसरायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये खाणपट्ट्यांना गवत पुन्हा उगवण्याची अट घालायला सरकारला सांगितलं: जमीन चारा, झाडझाडोरा आणि जीवजंतू वाढतील अशी करून द्यायची. तुमच्याकडे खदानीच्या विस्ताराची जनसुनावणी लागली, तर किती लाख रोपं लावणार हे नंतर विचारा. वरची माती कुठे, किती उंच आणि किती दिवस ठेवणार, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमच्या गावाजवळच्या ढिगाऱ्यावर माती टाकणं कधी बंद झालं आणि तिथे आपोआप काय उगवलंय, तेवढं कळवा. त्यावरून कोणतं बी आधी टाकायचं ते ठरवता येईल.