खुलासा: पासपोर्ट नाही म्हणून कोणी ‘खोटा निर्वासित’ ठरत नाही

‘खरा निर्वासित पासपोर्ट-व्हिसा घेऊनच येतो, बाकीचे सगळे गुन्हेगार’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. जिवावर बेतलं म्हणून थेट तिथून निघालेला माणूस विनापरवाना आत आला, पण विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन त्याने सबळ कारण सांगितलं, तर केवळ त्या प्रवेशासाठी त्याला शिक्षा करायची नाही, असं कलम ३१ सांगतं. मला हे अगदी रास्त वाटतं. ज्या सरकारच्या भीतीने माणूस पळतोय, त्याच सरकारच्या खिडकीपुढे तो पासपोर्टसाठी रांगेत कसा उभा राहणार?

उलट, कागद नसेल तर ओळखपत्र देण्याची जबाबदारी कलम २७ यजमान देशावर टाकतं. हातात ते कार्ड येईपर्यंत सगळंच अडून राहतं. घरमालक भाडेकरार करत नाही, बँक खातं उघडत नाही, शिकलेल्या माणसालाही कोणी कामावर ठेवत नाही.

म्हणजे येईल त्याला मान्यता मिळते असंही नाही. प्रत्येक अर्जाची तपासणी होते, युद्धगुन्हेगारांना हा करार संरक्षण देत नाही आणि यजमान देशाचे कायदे पाळणं निर्वासितावर बंधनकारक आहे. करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, हेही खरं. पण स्वीकारलेल्या देशांबद्दल वरचा दावा करणं साफ चूक आहे.