राग कुणावर काढता?

जहाल आणि मवाळ हे शब्द आपल्या राजकारणात जुने आहेत. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली ती याच वादात. पण तेव्हा प्रश्न परक्या सरकारशी कसं वागायचं हा होता. मत मागताना आवाज चढवावा की नाही, हा प्रश्न वेगळा. आणि प्रत्येक पराभवानंतर त्याचं एकच उत्तर कानावर येतं: ‘आपला माणूस फारच सौम्य पडला.’

मला हे निदानच चुकीचं वाटतं.

१९४८ ची अमेरिका घ्या. अध्यक्ष ट्रुमन हरणार, हे जवळपास सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते रेल्वेने गावोगाव फिरले आणि रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या संसदेवर तुटून पडले. पण त्याआधी, जुलैत, त्यांनी संसदेचं खास अधिवेशन बोलावलं होतं: घरं, महागाई यांबद्दल जाहीरनाम्यात जे लिहिलंत ते आता मंजूर करून दाखवा. फारसं काही झालं नाही आणि ट्रुमनना भाषणांसाठी पुरावाच मिळाला. समोर होते रिपब्लिकन उमेदवार ड्यूई. सभ्य, मोजूनमापून बोलणारे. आपण पुढेच आहोत तर वाद कशाला ओढवून घ्यायचा, या विचाराने कशावरच ठाम बोलेनात. ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ असे जिंकले. ड्यूईंना सौम्यपणा नडला म्हणतात. माझ्या मते त्यांना नडलं ते काहीच न सांगणं.

१९७१ मध्ये विरोधकांनी ‘इंदिरा हटाओ’ म्हटलं, इंदिराबाईंनी ‘गरिबी हटाओ’. बाई काही मवाळ नव्हत्या! पण एका बाजूचा राग एका व्यक्तीवर होता, दुसऱ्या बाजूचा मतदाराच्या दुखण्यावर. इंदिराबाईंच्या पक्षाला लोकसभेत ३५२ जागा मिळाल्या. २००९ मध्ये अडवाणी मनमोहनसिंगांना ‘कमकुवत पंतप्रधान’ म्हणत राहिले आणि काँग्रेस १४५ वरून २०६ वर गेली. पाच वर्षांनी तोच पक्ष ४४ वर आला. मनमोहनसिंगांचा आवाज तोच होता, पण तोवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळेनाशी झाली होती.

कार्यकर्त्यांची एक गफलत मला फार खुपते. झणझणीत भाषणाला टाळ्या पडतात, क्लिप फिरते, आणि आपण वाढलो असं वाटू लागतं. टाळ्या वाजवणारे तर आधीपासून आपलेच असतात. ज्याने मागच्या वेळी दुसऱ्याला मत दिलं, त्याला त्या भाषणात स्वतःचीच अक्कल काढलेली ऐकू येते. तो भांडत नाही, गप्प बसतो.

इस्तंबूलमध्ये २०१९ साली महापौरपदासाठी उभे होते इमामोग्लू, तुर्कस्तानचे अध्यक्ष अर्दोआन यांचे विरोधक. त्यांच्या पक्षाने हे नेमकं ओळखलं होतं. प्रचाराचं सूत्रच असं की अर्दोआनकडे दुर्लक्ष करा, पण अर्दोआनवर प्रेम करणाऱ्यांवर प्रेम करा. ३१ मार्चला ते जेमतेम १३ हजार मतांनी महापौर झाले, आणि ६ मे रोजी निवडणूक मंडळाने ती निवडणूकच रद्द केली. त्या रात्री त्यांनी भर सभेत कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि निर्णय मान्य नसल्याचं ठणकावून सांगितलं. पण समोरच्या पक्षाला मत देणाऱ्या शेजाऱ्यावर तो राग निघाला नाही. २३ जूनला पुन्हा मतदान झालं. या वेळी आघाडी होती सुमारे ८ लाखांची.