आईसाठी तीन दिवस, सासूबाईंसाठी दहा

पितृपंधरवडा सुरू झाला की दरवर्षी फोनवर एक संदेश फिरू लागतो. आईवडील हयात असताना त्यांना प्रेमाने दोन घास घाला, ते गेल्यावर कावळ्याला खीर घालून काय उपयोग, असा त्याचा आशय असतो. यंदा तो मला एकाच दिवसात पाच जणांनी पाठवला. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. परंतु हा संदेश असे धरून चालतो की, जो श्राद्धपक्ष करतो त्याने जिवंतपणी काही केले नसणार. ज्यांनी सगळे केले, आजारपणे काढली, रात्री जागवल्या, त्यांच्याही हातांना माणूस गेल्यावर काहीतरी करावेसे वाटते, आणि त्या हातांनी काय करावे हे आपल्या आधीच्या बायकांनी ठरवून ठेवलेले आहे. मला आज माझी आई आणि माझ्या सासूबाई या दोघींविषयी, आणि विशेषतः त्यांच्या श्रद्धेविषयी लिहायचे आहे, कारण त्या श्रद्धेची जी चित्रे हल्ली रंगवली जातात त्यांतल्या एकाही चित्रात मला त्या दोघी दिसत नाहीत.

माझी आई 2011 साली रत्नागिरीत गेली. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचे सुतक तीन दिवसांचे असते. हे मला माहीत होते, तरीही चौथ्या दिवशी सकाळी एका नातेवाईक बाईंनी, तू आता शुद्ध झालीस, सासरी जायला हरकत नाही, असे सांगितले तेव्हा ते शब्द अंगावर आल्यासारखे वाटले. ज्या बाईच्या पोटी मी जन्मले तिच्यासाठी तीन दिवस, आणि ज्या घरी मी चोविसाव्या वर्षी गेले तिथल्या माणसांसाठी दहा दिवस, हा हिशेब कोणत्याही मुलीला समजावून सांगता येईल असे मला वाटत नाही. कुळ बदलते, गोत्र बदलते, म्हणून सुतक बदलते, हे त्यामागचे कारण आहे. ते कारण समजते, पण पटत नाही.

त्याच दिवशी दुपारी सासूबाई आल्या. दापोलीकडच्या आमच्या गावाहून निघून, दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून, दोन गाड्या बदलून त्या एकट्या आल्या होत्या. वय एकोणसत्तर. घरातले सगळे धरून चालले होते की त्या मला न्यायला आल्या आहेत. त्यांनी पाय धुतले, आईच्या जागी ठेवलेल्या दिव्यापुढे बसल्या, आणि नंतर माझ्या भावाला म्हणाल्या, "हिला तेरावा होईपर्यंत इथेच राहू दे. सुतक तीन दिवसांचं असेल, पण आई काही तीन दिवसांची नसते. घरचं मी बघते." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी पहाटे त्या एकट्या परत गेल्या.

ही बाई आमच्या आळीतली सर्वांत सोवळी बाई म्हणून ओळखली जात असे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, काहीही चुकत नसे. श्राद्धाच्या स्वयंपाकाला त्या ओल्या नेसणाने उभ्या राहत. नियम मोडण्याची त्यांना आवड नव्हती आणि त्यांनी तोही मोडला नाही, कारण तीन दिवसांनंतर मुलीने माहेरी राहू नये असे शास्त्रात कुठेच म्हटलेले नाही. नियम जिथे संपतो तिथून पुढे माणसासाठी केवढी जागा असते, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

आईची श्रद्धा अगदी निराळ्या जातीची होती. तिचे माहेर रत्नागिरीजवळच्या पावस गावाशेजारचे. पावसचे संत स्वामी स्वरूपानंद यांनी 15 ऑगस्ट 1974 रोजी देह ठेवला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, आणि लहानपणापासून तिने त्यांना अनंत निवासातल्या त्यांच्या खोलीत शांत बसलेले पाहिले होते. स्वामी नाथपरंपरेतले, सोऽहं साधनेचे. आईला त्या साधनेतले तत्त्वज्ञान किती कळत होते हे मी सांगू शकत नाही, पण त्या खोलीतली शांतता मात्र तिने पुरेपूर घेतली होती. तिने आयुष्यात कधी नवस बोलला नाही. देवाकडे काही मागायचे नसते, असे ती म्हणत असे. संध्याकाळी दिवा लावून ती जेमतेम दहा मिनिटे डोळे मिटून बसे, आणि त्या दहा मिनिटांत घरातल्या कोणीही तिला हाक मारायची नाही, एवढा एकच नियम तिने आम्हाला लावला होता. कॉलेजात असताना मी तिच्याशी या विषयावर कडाक्याने वाद घातले आहेत. ती वाद घालत नसे. एकदा मात्र म्हणाली, "तुला पटत नसेल तर करू नकोस. पण मी बसले असताना दार आपटू नकोस." मी बऱ्याचदा दार आपटले आहे. ते आज लिहिताना मला फार वाईट वाटते.

अशा या दोन बायका वर्षातून फार तर दोन वेळा भेटत. एकीला मौन प्रिय, दुसरीला सण, नैवेद्य, माणसे आणि धावपळ. त्यांचे फारसे बोलणे झाल्याचेही मला आठवत नाही. म्हणूनच 2015 च्या पितृपंधरवड्यात जे घडले ते मला कधी विसरता येणार नाही.

माझे वडील 2014 साली गेले. पुढच्या वर्षी आमच्याकडे नेहमीप्रमाणे महालय, म्हणजे पितृपंधरवड्यातले श्राद्ध, होता. महालयाचे वैशिष्ट्य असे की त्यात केवळ बाप, आजा, पणजा यांनाच बोलावत नाहीत. पितृकुळाच्या आणि मातृकुळाच्या तीन तीन पिढ्या झाल्या की काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, शिष्य, आप्त अशी गेलेल्यांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकाचे नाव व गोत्र उच्चारून पिंड दिला जातो. या यादीत कर्त्याचा सासरा सपत्नीक येतो, म्हणजेच माझ्या नवऱ्याच्या हातून माझ्या आईवडिलांना पिंड मिळतो. लग्नाला एकोणीस वर्षे झाली तरी मला हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी गुरुजींना पुढे आणखी दोन घरे होती. मातृकुळ संपल्यावर ते म्हणाले की उरलेल्यांना एकत्रच 'समस्त आप्त' म्हणून घेऊ. तेवढ्यात स्वयंपाकघरातून, वडे तळता तळता, सासूबाईंचा आवाज आला, "थांबा. माझ्या विहीणबाईंचं नाव राहिलं. व्याह्यांचं आणि त्यांचं, दोघांचं नाव घ्या, गोत्रासकट घ्या."

गुरुजी थांबले. नवऱ्याने नाव सांगितले. श्राद्धात बायकांच्या नावापुढे 'दा' लावून ते उच्चारतात, तसे माझ्या आईचे नाव माझ्या सासरच्या ओटीवर मोठ्याने उच्चारले गेले. चार वर्षांपूर्वी जिच्या नावाचे मी फक्त तीन दिवस धरायचे होते, तिच्यासाठी आता दर भाद्रपदात या घरात काळे तीळ आणि पाणी सोडले जाणार होते. मी आत जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातात झारा दिला.

आता जे लिहिणार आहे ते अधिक अवघड आहे. माझी आई वडिलांच्या आधी गेली, म्हणून तिच्यासाठी भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी. माझा भाऊ रत्नागिरीला त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतो. सगळे म्हणतात, भाग्याची, सवाष्ण गेली. सासूबाई मात्र 1994 साली, बावन्नाव्या वर्षी विधवा झाल्या आणि पुढची अठ्ठावीस वर्षे तशाच जगल्या. एकीचे मरण भाग्याचे म्हणताना दुसरीचे जगणे अभाग्याचे ठरते, आणि हे आपण त्या दुसरीच्या समोर बसून बोलतो.

आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, आणताना बोलायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही. पाणवठ्यावर कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, खडे कसे निवडायचे, कोणत्या वाटेने परत यायचे, हे सगळे मला पहिल्या वर्षी सासूबाईंनी शिकवले, आणि गौरी घरात आल्या त्या क्षणी त्या स्वतः माजघराच्या दाराआड उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशीचे घावन-घाटले त्यांच्या हातचे, पण देवीला हळदकुंकू वाहणारा हात त्यांचा नव्हता. बोडण, म्हणजे सवाष्णींनी देवीसाठी दूध-दही-मध एकत्र कालवण्याचा कुळाचार, भरायचे असले की साऱ्या आळीला त्यांच्या देखरेखीशिवाय सुचत नसे, आणि तरीही त्यांचा हात त्या दूध-दही-मधाला लागत नसे. ज्या श्रद्धेने त्यांना बाहेर उभे केले तीच त्यांनी आयुष्यभर सांभाळली. मी त्यांना एकदा विचारले की तुम्हाला राग येत नाही का. त्या म्हणाल्या, "देवीनं थोडंच मला बाहेर काढलंय?"

या वाक्यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. आमच्या गावापासून जवळच मुरूड आहे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे. 1893 साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. आज तेच गाव त्यांचा अभिमान सांगते, आणि ते योग्यच आहे. पण शंभर वर्षांनंतरही त्याच परिसरात एक बाई दाराआड उभी होती आणि आम्हा सुशिक्षित सुनांना ते खटकून सुद्धा आम्ही तिचा हात धरून तिला पुढे आणले नाही. मी आणले नाही. सोवळेओवळे त्यांचे आहे, आपण कशाला दुखवा, असे मी स्वतःला सांगत आले. खरे तर मी आळीतल्या चार जणींना घाबरत होते.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमचे आगर आडवे झाले. माड पडले, पोफळी तर काडीसारख्या मोडल्या, घराची कौले उडाली, पुढे किती तरी दिवस वीज नव्हती. त्या संध्याकाळी सासूबाईंनी चिखलातून वाट काढत तुळशीपाशी दिवा लावला, आणि पावसाळा लागल्यावर पोफळीची रोपे मागवली. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि पोफळ धरायला सहासात वर्षे लागतात हे त्यांना आम्हा सर्वांपेक्षा चांगले माहीत होते. मला श्रद्धा या शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर मी त्या रोपांकडे बोट दाखवते. जानेवारी 2022 मध्ये त्या गेल्या. पुढे चारच महिन्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. बातमी वाचली तेव्हा मी बराच वेळ त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले.

2023 साली त्यांचे नाव पहिल्यांदा महालयात आले. आधी नवऱ्याची आई म्हणून त्यांचे, नंतर बऱ्याच नावांनी माझ्या आईचे. एकाच सकाळी, एकाच ओटीवर. कोणी घाई करू नये म्हणून या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मी उभी होते.

आणि सासूबाईंच्या तिथीला मी आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. आळीत पलीकडे एक काकू राहतात, वीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. त्यांना जेवायला बोलावते आणि जेवण झाल्यावर देवघरासमोर पाटावर बसवून, हळदकुंकू लावून त्यांची ओटी भरते. हे शास्त्रात बसत नाही असे मला आळीतल्या दोघींनी सांगितले आहे. पहिल्या वर्षी काकूंनी हात मागे घेतला होता. मी सासूबाईंचे नाव सांगितले, त्यांच्यासाठी करते आहे म्हटले, तेव्हा त्यांनी पदर पुढे केला आणि कितीतरी वेळ तो तसाच धरून ठेवला, तांदूळ आणि नारळ पडून गेले तरी. यंदा मात्र त्या सकाळी आठ वाजताच आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "घाटलं मी ढवळते. तुझ्या सासूला पातळ आवडत नसे."