लाजेने भरलेला ऑप्शन फॉर्म

आज अभियांत्रिकी प्रवेशाच्या पहिल्या कॅप (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीचे वाटप जाहीर झाले आणि माझ्या भाचीला तिच्या यादीतील अगदी पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले. भाऊजींनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर 'फर्स्ट प्रेफरन्स!' असे लिहिले, त्याखाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली, घरात पेढे आले. मी दुपारी तिच्याकडे गेले तेव्हा ती पेढ्यांच्या बॉक्सवरचा दोरा बोटाला घट्ट गुंडाळत आणि सोडवत बसली होती. बोटाचे टोक पांढरे पडेपर्यंत गुंडाळायचा, मग सोडायचा. "मावशी, हे मला नको होतं," एवढेच ती म्हणाली. तिची परवानगी घेऊन लिहीत आहे. राग शांत झाल्यावर लिहावे असे वाटले होते, पण तो शांत होईल असे दिसत नाही.

तिला दहावीला ९४ टक्के आणि बारावीला ६३. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, मात्र ९३ पर्सेंटाइल; म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या सुमारे ९३ मुलांच्या पुढे. बारावीच्या गुणपत्रिकेत गणितात ८८ आहेत आणि रसायनशास्त्रात ४६. निकाल लागल्यापासून त्या घरात ६३ हा आकडा कोणी मोठ्याने उच्चारत नाही; 'बारावी जरा पडली' असे हळू आवाजात सांगतात, जणू मुलगी जिन्यावरून पडली आहे. आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरायला बसल्यावर तो न उच्चारलेला आकडाच सगळे पर्याय लिहीत गेला. "उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" असे म्हणून भाऊजींनी जे महाविद्यालय डोळे झाकून मिळेल, ज्याचा गेल्या वर्षीचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या कितीतरी खाली होता, ते पहिल्या क्रमांकावर टाकले. तिला हवी होती ती सगळी नावे त्याच्या खाली गेली.

आता यातील वेडेपणा पाहा. कॅपची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते, म्हणजे खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि गणित मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. त्यानंतर त्यांची आठवण होते ती दोन मुलांचे पर्सेंटाइल सारखे आले तर, आणि तीही बरीच नंतर. ज्या ६३ टक्क्यांची एवढी लाज वाटली, ते जागावाटप करणाऱ्या त्या यंत्राने तिला विचारलेच नव्हते. उलट, सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, कारण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि बाकीच्यांना एक. शिवाय चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गणितात पक्की आणि रसायनात कच्ची अशा मुलीसाठी याहून सोयीची परीक्षा कोणती असणार? तिची गुणपत्रिका वाकडी असेल, पण या दारातून ती सरळ आत जात होती. घरच्यांनीच तिला वाकून चालायला लावले.

त्यात पसंतीक्रमाचा नियम असा आहे की यंत्र मुलाचा गुणवत्ता क्रमांक घेते, त्याच्या यादीत वरून खाली येते आणि जी पहिली जागा शिल्लक सापडेल ती देते. वर लिहिलेले मोठे नाव नाही मिळाले, तर खालचे नाव त्यामुळे हातचे जात नाही. १८५४ सालचे पुण्याचे सीओईपी किंवा १८८७ सालचे मुंबईचे व्हीजेटीआय यादीच्या माथ्यावर लिहिले म्हणून कोणी दंड करत नाही. पर्याय ३०० पर्यंत भरता येतात. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तोच प्रवेश कायम धरला जातो. तो नाकारायचा, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे जे मिळेल म्हणून खात्री आहे, ते पहिल्या क्रमांकावर लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने बाकीची सगळी यादी फाडून टाकणे. तिच्या यादीत सांगली, कराड, नांदेड, अमरावती अशी सगळी नावे होती. तिला कोणती मिळाली असती आणि कोणती नाही हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण यंत्र तिथवर उतरलेच नाही.

मला इतका राग का येतो, हे माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

मी १९९२ साली बारावी झाले. दहावीला ८१ टक्के होते. बारावीला परीक्षेच्या आधी कावीळ झाली आणि ५४ वर आले. गणितात तरीही ९३ होते. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हते. प्रत्येक महाविद्यालयात जाऊन खिडकीवर अर्ज विकत घ्यायचा, शाईच्या पेनाने भरायचा आणि मग गुणवत्ता यादी लागली की फलकासमोर गर्दीत मान उंचावून आपले नाव शोधायचे. मला संख्याशास्त्र शिकायचे होते. मी तीन अर्ज आणले. त्यांतला तिसरा मोठ्या नावाच्या महाविद्यालयाचा होता, आणि त्याचे पैसे मी माझ्या साठवलेल्या पैशांतून दिले होते. त्या अर्जाच्या शेवटी 'अन्य काही सांगावयाचे असल्यास' अशा मथळ्याखाली चार रेघा आखलेल्या होत्या. त्या रेघांवर मी कावीळ आणि गणित या दोन्ही गोष्टी लिहिल्या, कच्चे लिहून मग पक्के केले. काकांनी तो अर्ज पाहिला आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "कशाला बाळ, तिथे लोक हसतील." मी तो दिला नाही. फोटो चिकटवलेला, सही केलेला अर्ज ट्रंकेच्या तळाशी गेला.

हसणे कोणाचे होते? खिडकीवरचा कारकून दिवसाला शेकडो अर्ज घेत असेल. त्याने माझे नावसुद्धा वाचले नसते.

सध्या तर या लाजेचा रीतसर व्यापार झाला आहे. शुल्क घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणारे मार्गदर्शक गल्लोगल्ली बसले आहेत. गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ घ्यायची, उतरत्या क्रमाने लावायची आणि मुलाच्या हातात छापील यादी ठेवायची. तुला रोज किती प्रवास झेपेल, प्रयोगशाळा कशा आहेत, कोणत्या विषयात तुझे डोके चालते आणि कोणत्यात अडते, हे एकही प्रश्न नाहीत. पडलेल्या विषयाकडे तर हे लोक डॉक्टरने क्ष-किरणाकडे पाहावे तसे पाहतात आणि 'अरेरे' म्हणून पुढची पावती फाडतात.

खरे तर चढउतार असलेल्या मुलाने आधी एवढेच पाहायचे असते की कोणते दार काय विचारते. जेईईमधून आयआयटी किंवा एनआयटीत जायचे, तर खुल्या प्रवर्गाला बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे आवश्यक असते. तिथे तिचे ६३ सहसा अडलेच असते आणि त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. विज्ञान शिक्षणाची केंद्रीय संस्था आयसर बारावीला ६० टक्के मागते आणि त्यापुढे स्वतःच्या चाचणीवर प्रवेश देते. तिथे ती चाचणीला बसू शकली असती. कॅपमध्ये ६३ला जवळजवळ काहीच वजन नाही. कागद तोच आणि तीन दारांवर उत्तरे तीन. ही तीन उत्तरे शोधायला एक संध्याकाळ पुरली असती. आमच्याकडे तीन महिने एकच उत्तर गिरवले गेले.

हो, यादीच्या तळाशी खात्रीची दोन-चार नावे हवीतच. नुसती स्वप्ने लिहून जागा न मिळालेली मुलेही मी पाहिली आहेत. आणि काही कंपन्या कॅम्पसवर नोकरी देताना दहावी-बारावीचे ६० टक्के मागतात हेही मला माहीत आहे, कृपया कोणी सांगायला येऊ नका. तिला ६३ आहेत.

आणखी एक गोष्ट मला खुपते. बारावीत काय झाले, असे जो तो तिला विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो: आजारपण, घरातले संकट, निदान क्लासने केलेली फसवणूक. तिच्याकडे असे काही नाही. रसायनशास्त्र तिला कळले नाही, एवढेच. माझ्याकडे कावीळ होती म्हणून चार रेघांवर लिहायला काहीतरी सापडले, आणि ते लिहिताना आपण जरा मोठे संकट सोसले आहे असा आवही मी आणला होता, हे आज कबूल करते. सतरा वर्षांच्या मुलीला एक विषय आला नाही तर त्यामागे शोकांतिका असलीच पाहिजे का?

एवढे लिहून झाले आणि भाऊजींचा फोन आला. मी तावातावाने बोलायला सुरुवात करणार होते. ते म्हणाले, "वहिनी रागावल्या आहेत असं हिने सांगितलं. ते फ्रीझ काही करून काढता येतं का हो?" मला कोणी वहिनी म्हणत नाही, गोंधळले की ते नाती विसरतात. मी नाही म्हणाले. बराच वेळ दोघेही फोन धरून गप्प होतो. मग ते म्हणाले, "मला वाटलं, खाली गेली तर ती मोडेल." मला काका आठवले. त्यांचाही आवाज असाच होता, कोणाला तरी झाकून घेणारा. भाऊजींवर मघाशी लिहिलेले काही पुसत नाही, पण तेवढ्याच जोराने आता पुन्हा लिहिता येईल असे वाटत नाही.

त्या मोठ्या महाविद्यालयाची शेवटची यादी किती टक्क्यांवर थांबली, ते मी कधीच पाहायला गेले नाही. पुढे दुसरीकडे संख्याशास्त्र शिकले, बरी शिकले, नोकरीही त्यातच केली. तरीही त्या रस्त्यावरून जाताना त्या फलकाकडे माझी पाठ असते.

परवा सकाळी भाचीबरोबर कागदपत्रे घेऊन महाविद्यालयात जायचे आहे. मिळालेली शाखा तिला आवडणारी आहे, एवढे तरी बरे. संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून फाइल लावली. बारावीची मूळ गुणपत्रिका तिने सगळ्यात तळाशी, जातीचा दाखला आणि डोमिसाइलच्याही खाली ठेवली होती. मी ती काढून दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे, तिच्या क्रमाने लावली. तिने पाहिले, आणि पुन्हा खाली घातली नाही.