ज्योत दिसत नाही म्हणून शेगडी थंड नसते

विजेवर चालणाऱ्या, वर सपाट काच असलेल्या सिरॅमिक शेगडीची भलामण करणारा एक मजकूर नाशिकमधील सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: या शेगडीला ज्योत नाही, त्यामुळे आग लागूच शकत नाही, बटण बंद करताच काच थंड होते, म्हणून लहान मुलांच्या घरात ती निर्धास्त वापरावी, तिच्या किरणांमुळे अन्नातील जीवनसत्त्वे टिकतात, तिच्यावर कोणतेही भांडे चालते, काही सांडले तर ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसावे, काच फुटत नाही, आणि बारीकसा तडा गेलाच तर टेप लावून काम भागते, घरातील कोणत्याही प्लगला ती जोडता येते. शेवटी, पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र तिच्याजवळ जाऊ नये, असा इशाराही दिला आहे. यातील एक-दोन विधाने अर्धवट खरी आहेत, बाकीची चुकीची आहेत आणि काही तर जिवावर बेतू शकतील अशी आहेत. शेगडीबद्दल माझी तक्रार नाही. समजून वापरली तर ती चांगली शेगडी आहे. तक्रार आहे ती या मजकुराबद्दल.

बहुतेक चुकांचे मूळ एकच दिसते. इंडक्शन शेगडीचे गुणधर्म उचलून ते सिरॅमिक शेगडीच्या नावावर खपवले गेले आहेत. दोन्हींचा वरचा भाग सारखाच काळा आणि गुळगुळीत असल्यामुळे दुकानात शेजारी शेजारी ठेवल्या तर सहजासहजी ओळखू येत नाहीत, हे खरे. परंतु इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळे वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यामुळे भांड्याचा लोखंडी बूडच तापतो आणि काच तापते ती भांड्याच्या संगतीने. सिरॅमिक शेगडीत, जिला बाजारात इन्फ्रारेड शेगडी असेही म्हणतात, काचेखालची मिश्रधातूची पट्टी लाल होईपर्यंत तापते आणि तिची उष्णता काचेतून वर भांड्यापर्यंत जाते. घरातील शेगडी नेमकी कोणती, याची खात्री करायची असेल तर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी घेऊन ते तिच्यावर ठेवावे. साधे इंडक्शन त्या भांड्याची दखलही घेणार नाही. सिरॅमिक शेगडीचे कडे मात्र लाल होऊन पाणी तापू लागेल.

आता बटण बंद करताच काच थंड होते, या विधानाकडे वळू, कारण सर्वांत जास्त हात याच समजुतीने भाजतील. पूर्ण शक्तीवर चालवलेल्या सिरॅमिक शेगडीची काच ५०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. मधूनमधून लाल कडे आपोआप विझते आणि पुन्हा पेटते, तो बिघाड नसतो. काच मर्यादेबाहेर तापू नये म्हणून आतील नियंत्रक पट्टीचा प्रवाह तोडत-जोडत असतो. बटण बंद केल्यावर हे लाल कडे थोड्याच वेळात विझते आणि काच पहिल्यासारखी काळीभोर दिसू लागते. फसगत होते ती इथे. साधारण ५०० अंशांच्या खाली तापलेली वस्तू स्वयंपाकघरातील उजेडात डोळ्यांना लाल दिसत नाही. भाजायला मात्र साठ-सत्तर अंशही पुरतात. या दोन आकड्यांमधला सगळा पल्ला उतरायला काचेला बराच वेळ लागतो, आणि त्या वेळात ती दिसायला निव्वळ थंड काच असते.

यासाठीच अनेक शेगड्यांवर 'एच' हे अक्षर उजळणारा दिवा दिलेला असतो आणि काच साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत उतरेपर्यंत तो विझत नाही. मात्र तो दिवाही विजेवरच चालतो, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. पावसाळ्यात जोराची सर आली आणि लाइट गेली, किंवा घाईघाईत कोणी प्लग ओढला, तर दिवा विझतो आणि काच तापलेलीच राहते. अशा वेळी अर्धा तास तरी तिला हात लावू नये आणि मुलांना ओट्याजवळ फिरकू देऊ नये. ओट्यावर सुटी ठेवायची शेगडी असेल तर तिच्यातील पंखा बटण बंद केल्यानंतरही काही वेळ चालू राहतो. तो थांबण्यापूर्वी प्लग काढू नये. चाइल्ड लॉकवर विसंबणेही तितकेच फसवे आहे, कारण ते फक्त बटणे गोठवते, काचेची उष्णता जिथल्या तिथे असते.

उरलेली ही उष्णता स्वयंपाकातही हिशेबात धरावी लागते. गॅस बंद करताच खाली बसणारे दूध इथे बटण बंद केल्यावरही वर येत राहते आणि उतू जाते. त्यामुळे पातेले उचलून बाजूला ठेवणे हाच उपाय आहे. भात किंवा वरण थोडे आधी बंद केले तर उरलेल्या धगीवर निवांत शिजते आणि वीजही वाचते. इतके करूनही कोणाला भाजलेच, तर तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप किंवा बर्फ लावू नये. मोठा फोड आला असेल किंवा लहान मुलाला भाजले असेल तर डॉक्टरांकडे जावे.

ज्योत नाही म्हणून आग नाही, हा दावाही टिकत नाही. रिफाइंड तेल साधारण २०० ते २३० अंशांना धूर सोडू लागते आणि तापतच राहिले तर ३५० अंशांच्या पुढे-मागे आपोआप पेट घेते. त्याला काडी लावावी लागत नाही. काच त्याहून कितीतरी जास्त तापू शकते, हे वर आलेच आहे. दिवाळीत चकल्यांचे तेल तापत ठेवून कोणी फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले, तर धोका गॅसवर असतो तसाच इथेही असतो, उलट इथे ज्योत दिसत नसल्यामुळे शेगडी चालू असल्याचा विसर पडण्याची शक्यता अधिक. तेल पेटले तर शेगडीचे बटण बंद करावे, ते ज्वाळांच्या आड असेल तर भिंतीवरचे बटण बंद करावे, आणि कढईवर घट्ट बसणारे धातूचे झाकण बाजूने सरकवावे. पाणी चुकूनही ओतू नये आणि पेटलेली कढई उचलू नये. बटण बंद झाल्यावरही खालची काच तेलाला तापवत राहणार असल्यामुळे झाकण लवकर उघडून पाहण्याचा मोह टाळावा, नाहीतर तेल पुन्हा पेटते.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक खोडी आहे. इंडक्शनवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर पातेले ठेवायचे आणि कागद जळत नाही हे दाखवायचे, हा प्रयोग अनेकांनी पाहिलेला असतो, आणि काचेवर डाग पडू नयेत म्हणून काही घरांत तसा कागद अंथरण्याची सवयही लागते. सिरॅमिक शेगडीवर हाच कागद भांडे उकळण्याआधी पेटेल. पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा, नायलॉनचा रुमाल, औषधाची पिशवी अशा वस्तू बंद शेगडीवर ठेवण्याची सवयही मोडली पाहिजे. सपाट काच दिसली की ती ओट्याचाच भाग वाटते, त्यामुळे हे कोणाच्याही हातून होऊ शकते.

जीवनसत्त्वांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. क जीवनसत्त्व किती टिकेल हे तापमान, शिजवण्याचा वेळ आणि पाण्याचे प्रमाण यांवर ठरते. पातेल्यातील भाजीला उष्णता कुठून आली याच्याशी काही देणेघेणे नसते. पेसमेकरविषयीची सावधगिरी इंडक्शनच्या चुंबकीय क्षेत्रासाठी सांगितली जाते, तीही सुमारे ६० सेंटिमीटर अंतर राखण्यापुरती. सिरॅमिक शेगडीत भांडे तापवण्यासाठी असे क्षेत्र वापरलेच जात नाही. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने इंडक्शनचे गुणच नव्हे, तर त्याचा इशाराही इकडे आणून चिकटवला आहे.

कोणतेही भांडे चालते, हे विधान अर्धे खरे आहे. स्टील, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, सगळेच तापते. पण चालणे आणि शोभणे यांत फरक आहे. गोल बुडाच्या कढईचा जेमतेम मधला भाग काचेला टेकतो, बाकीची उष्णता वाया जाते आणि कढई डुगडुगते ती वेगळीच. तेलाने भरलेली कढई डुगडुगणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मातीच्या भांड्याचा खरखरीत बूड काचेवर ओरखडे पाडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पाणी आटून गेलेले पातळ पातेले जास्त वेळ तसेच राहिले तर त्याचा बूड वितळून काचेला चिकटू शकतो.

नाशिककरांनी विशेष जपावे ते कल्हईच्या भांड्यांना. आपल्या भांडी बाजारातून घेतलेली पितळेची पातेली पुष्कळ घरांत आजही वापरात आहेत आणि त्यांच्या आतील कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर असतो. कथिल २३२ अंशांना वितळते. पातेल्यात पाणी किंवा आमटी असेपर्यंत आतील बाजू शंभर अंशांच्या फारशी पुढे जात नाही, म्हणून कल्हई सुरक्षित राहते. परंतु रिकामे पातेले तापत ठेवून मग फोडणीचे तेल घालण्याची सवय असेल, तर या शेगडीवर ती कल्हई बघता बघता गोळा होऊन उतरेल, आणि मग त्या पितळेत चिंच-गुळाची आमटी करणे योग्य राहणार नाही. गॅसवरही हे घडते. इथे ज्योत मोठी-लहान करून अंदाज घेता येत नसल्यामुळे लवकर घडते, एवढेच. आधी तेल घालावे, मग शेगडी मध्यम आचेवर लावावी.

सांडलेले तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसावे, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचा आहे. तापलेल्या काचेवर ओले फडके टेकताच वाफ उसळते आणि ती बोटांना भाजते. शिवाय फडक्यातील पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हे डाग चिवट असतात. काच पूर्ण थंड झाल्यावर थोडे व्हिनेगर लावले तर ते निघतात. तारेची घासणी आणि भांडी घासायची खरबरीत पूड काचेपासून दूर ठेवावी. वरण, दूध, आमटी यांच्यासाठी नियम साधा आहे: थंड होऊ द्या, मग पुसा.

अपवाद आहे तो साखरेचा आणि गुळाचा, आणि तो नेमका उलटा आहे. संक्रांतीच्या तिळगुळाचा पाक किंवा चिक्कीचा गूळ काचेवर सांडला तर थंड होण्याची वाट पाहू नये. वितळलेली साखर थंड होताना काचेला घट्ट पकडते आणि आकसताना काचेच्या पृष्ठभागाचे बारीक कण ओढून काढते. तिथे पडलेले खड्डे पुन्हा भरत नाहीत. म्हणून शेगडी बंद करावी, भांडे सांडशीने बाजूला घ्यावे, जाड हातमोजा घालावा आणि या काचेसाठी मिळणारे पात्याचे खरवडणे तिरके धरून, पाक मऊ असेपर्यंतच तो गरम भागावरून कडेच्या थंड भागाकडे लोटून काढावा. राहिलेला पातळ थर काच थंड झाल्यावर ओल्या फडक्याने निघतो. वितळलेले प्लॅस्टिकही असेच काढावे. हे काम मुले आसपास असताना करू नये, कारण पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो. तो कातडीला चिकटून राहतो.

काच फुटत नाही, या समजुतीमागे सत्याचा एक अंश आहे. या शेगडीची काच ज्याची असते ते अस्सल काच-सिरॅमिक तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही, त्यामुळे तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तरी ती सहसा तडकत नाही. जर्मनीच्या शॉट कंपनीने १९७१ मध्ये शेगडीसाठी अशी काच बाजारात आणली ती याच गुणामुळे. गॅस शेगडीच्या वर असते ती टफन्ड काच मात्र वेगळ्या जातीची आहे आणि ती फुटली की तिचे बारीक तुकडे होतात. परंतु उष्णता सोसणे वेगळे आणि घाव सोसणे वेगळे. वरच्या फळीवरून पडलेली मसाल्याची बरणी किंवा खलबत्त्याचा बत्ता कोपऱ्यावर आदळला तर काच-सिरॅमिकही तडकते. म्हणून शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर जड वस्तू ठेवू नयेत. तडा गेल्यावर टेप लावण्याच्या सल्ल्याला तर बेजबाबदार याखेरीज दुसरा शब्द नाही. टेप पहिल्या स्वयंपाकातच जळेल. खरा धोका असा, की उतू गेलेले दूध किंवा पाणी त्या फटीतून खालच्या विजेच्या भागांपर्यंत झिरपेल आणि शॉक बसेल. तडा केसाएवढा असला तरी आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग प्लग काढावा आणि काच बदलल्याशिवाय शेगडी वापरू नये.

राहिला प्लगचा मुद्दा. अशी एक शेगडी साधारण २००० वॅटची असते. २३० व्होल्टवर ती ८.७ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. मिक्सरसाठी ओट्याजवळ दिलेले सॉकेट बहुधा ६ अँपिअरचे असते. म्हणून तिला १६ अँपिअरचाच पॉवर पॉइंट लागतो, तोही चांगल्या अर्थिंगचा, आणि शक्यतो स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा खटका) असलेला. जाड पिनांचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर थोड्या पैशांत मिळतो. या शेगडीसाठी तो वापरू नये, एक्स्टेन्शन बोर्डही वापरू नये. पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील वाड्यांमध्ये, जिथे वायरिंग कित्येक वर्षे बदललेले नाही, तिथे शेगडी आणण्याआधी वायरमनकडून लाइन तपासून घ्यावी. ओट्यात बसवायच्या चार कड्यांच्या हॉबचा भार सहा-सात हजार वॅटपर्यंत जातो, त्यामुळे त्याला मीटरपासून वेगळी लाइनच ओढावी लागते. शेगडी आधीपासून वापरात असेल तर अर्धा तास चालवल्यानंतर ती बंद करावी, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि प्लग बाहेर काढून पाहावा. तो हाताला चांगलाच गरम लागत असेल, पिनांच्या बुडाशी तपकिरी डाग असेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर सॉकेट बदलेपर्यंत तो पुन्हा लावू नये.