‘मृग नक्षत्र’ गोधडीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या ‘मृग नक्षत्र’ या भिंतीवर लावायच्या गोधडीचा निळा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या काठावर उतरला, नक्षत्र आडवे शिवले गेले, मध्यभागी फिकट तांबूस डाग आहे आणि टाके एकसारखे नाहीत, असे आपण लिहिले आहे.

रंगाची तक्रार पूर्णपणे खरी आहे. गडद रंगवलेल्या सुती कापडात जादा रंग राहतो, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत ते धुऊन मगच कापायला घ्यायचे, हा आमचा नियम आहे. आपले कापड एकदाच धुतले गेले, कारण देण्याची तारीख जवळ आली होती. शेजारी पांढरा मांजरपाट येणार हे ठाऊक असूनही घाई करण्याचा निर्णय माझा होता, आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते.

नक्षत्राबाबत मात्र मला सहमत होता येत नाही. पुस्तकातल्या नकाशात मृग उभा असतो, कारण तो दक्षिणेकडे सर्वांत उंच आल्यावर तसा दिसतो. आम्ही शिवले आहे ते डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून पूर्वेला दिसणारे आकाश: मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ एकावर एक, डावीकडे तांबूस काक्षी तारा, उजवीकडे निळसर पांढरा राजन्य तारा आणि खाली उजव्या कोपऱ्यात तो बाण सोडणारा व्याध. अमेरिकेतील आयोवाच्या एलन हार्डिंग बेकर यांनी १८७६ हे साल घातलेली आपली सूर्यमालेची गोधडी खगोलशास्त्राच्या व्याख्यानांत दाखवली होती. गच्चीवर नेऊन आकाशाशी ताडून पाहता येईल अशी गोधडी करावी, हीच आमचीही इच्छा आहे.

बाणाच्या उजवीकडचा तांबूस भाग हा डाग नसून मृगातला तेजोमेघ आहे. तो कुंचल्याने ब्लीच लावून उमटवला आहे. ब्लीच कापडात राहिल्यास धागा कुजतो, म्हणून तो भाग नंतर, पूर्वी छायाचित्रकार वापरत त्या, ब्लीचचा परिणाम थांबवणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काढला आहे. हे सारे सांगणारी चिठ्ठी सोबत द्यायला हवी होती. ती न मिळाल्याने आपला गैरसमज झाला, याला आम्हीच जबाबदार आहोत.

मधला थर जुन्या सुती साड्यांचा असल्याने जाडी कमीजास्त होते आणि हाताचा धावदोराही थोडा लहानमोठा पडतो. त्यात बदल करण्याचा आमचा विचार नाही.

गोधडी आमच्या खर्चाने परत मागवून, काठ उसवून, निळे आकाश पाणी नितळ येईपर्यंत धुऊन आम्ही नवा काठ लावून देऊ. ती आता नकोच असेल, तर पूर्ण रक्कम परत करू. यांपैकी आपल्याला काय हवे, ते कृपया कळवावे.